जंगली महाराज रस्ता, २५ इंची खुर्ची घेऊन

अण्णांची चाकाची खुर्ची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २५ इंच भरते. स्वतःच्या हाताने चाकं फिरवणारा माणूस असेल तर त्याच्या बोटांना आणखी जागा लागते, म्हणून ३० धरा. मी ब्लाउज शिवते, एकोणतीस वर्षं झाली. मापाची टेप गळ्यातच असते आणि बाहेर पडताना ती काढायची हमखास राहते. पुढे मापं जास्त आली तर तो दोष टेपचा.

लोक हॉटेलांना तारे देतात, मी रस्त्याला देते आहे. हॉटेलात मी वर्षातून चारदा जाते, पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर आठवड्यातून चारदा. आमचं घर घोले रोडच्या मागच्या गल्लीत. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ८६. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखे चालेनात. डॉक्टर म्हणाले, यांना उन्हात नेत जा. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार सकाळी आमची वरात निघते. घोले रोड, बालगंधर्व नाट्यगृहाचा चौक, रस्ता ओलांडून नदीच्या बाजूचा फुटपाथ, संभाजी बाग, जमलं तर डेक्कनपर्यंत, आणि परत.

तारे शेवटी देईन म्हणत होते, पण बोलता बोलता राहून जाईल. पाचापैकी साडेतीन. त्यात फुटपाथला साडेचार, सायकलच्या पट्टीला दीड, चौक ओलांडण्याला तीन. सरासरी माझ्या मनाची आहे.

पुण्यात या रस्त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी रेकॉन्डोची गोष्ट सांगतो. ती मीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मध्ये बोलायला नको. १९७३ च्या पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यांची चाळण झाली. महापालिकेच्या स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने हा रस्ता मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला दिला गेला, १ जानेवारी १९७६ ला तो पुरा झाला, आणि कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली, खड्डा पडला तर आम्ही फुकट बुजवू. दहा वर्षं राहू द्या, त्यानंतर कितीतरी वर्षं लोक या रस्त्याकडे बोट दाखवून बाकीच्या रस्त्यांची लाज काढत राहिले.

गोष्ट खरी आहे. पण अण्णांच्या खुर्चीमागे उभी राहायला लागल्यापासून मला ती जरा वेगळी ऐकू येते. हमी टायरला होती. पायाला कोणी हमी दिली नव्हती आणि आपणही मागितली नाही. चाळीस वर्षं डांबराचं कौतुक केलं, आणि डांबराच्या कडेने मात्र चेंबरची झाकणं, उभ्या स्कूटरी आणि उखडलेल्या फरश्या चुकवत उड्या मारत चाललो.

मग २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे आखायचे याची मार्गदर्शक पुस्तिकाही त्याच सुमाराला आली, आणि जंगली महाराज रस्त्याचं काम निघालं. आराखडा दिल्लीच्या ओअॅसिस डिझाइन्सचा. आमच्या गल्लीत तेव्हा एकच चर्चा होती की एवढा रुंद फुटपाथ करून गाड्या कुठे लावणार. माझ्या एका गिऱ्हाईक बाई तर म्हणाल्या, "रस्ता अरुंद करायला पैसे खर्च करतायत, बघ!" मीही मान डोलावली होती. तेव्हा अण्णा चालते होते ना.

आता खरं परीक्षण.

ब्लाउज पाठीवर फाटत नाही. कापड चांगलं असेल तर पाठ दहा वर्षं टिकते. ब्लाउज उसवतो मुंढ्याला, जिथे बाही अंगाला जोडली आहे तिथे. म्हणून शिवणारणीचा हात बघायचा असेल तर आधी मुंढा उलटून बघावा. फुटपाथचंही अगदी तसंच आहे. सरळ लांबीत कोणालाही फरशा बसवता येतात. फुटपाथ उसवतो तो जोडावर, म्हणजे इमारतीच्या फाटकापाशी, गल्लीच्या तोंडाशी, चौकाच्या कोपऱ्यावर.

पुण्यातल्या बहुतेक रस्त्यांवर काय होतं? प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो, गाडीला वाट देतो आणि पुन्हा वर चढतो. चालत्या माणसाला ते जाणवतसुद्धा नाही. खुर्चीतल्या माणसाला मात्र शंभर पावलांत चार घाट लागतात. रस्त्यांचे नियम आखणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शकात फुटपाथच्या कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं होतं, म्हणजे सहा इंच. उतार बाराला एक. माझ्या भाषेत सांगायचं तर सहा इंच चढायला सहा फूट लांबीची उतरंड हवी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सहा इंचाला दीड फूट देऊन सिमेंटचा गोळा थापलेला असतो. त्यावरून अण्णांना उतरवायचं म्हणजे खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी सोडायची आणि आपलं पोट लावून तोल धरायचा. पुढून उतरवलीत तर माणूस तोंडावर पडतो. हे मला कोणी शिकवलं नाही, एकदा जवळजवळ पाडल्यावर कळलं. ती जागा या रस्त्यावरची नव्हे.

जंगली महाराज रस्त्यावर बऱ्याच फाटकांशी उलटं केलं आहे. फुटपाथ आपल्या उंचीवर सरळ जातो आणि गाडीने चढून तो ओलांडायचा असतो. बारीक गोष्ट वाटते, पण सगळी मेख तिथे आहे. चढ आला की गाडीवाला आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो. फुटपाथ खाली उतरला की तीच जागा त्याला आपल्या बापजाद्यांचा रस्ता वाटते. पहिल्यांदा या बाजूने अण्णांना नेलं तेव्हा बागेच्या दिशेने बराच वेळ मी काही न करता नुसती ढकलत होते. अण्णाच म्हणाले, "अगं, आज बोलत का नाहीस?" इतर रस्त्यांवर मी "अण्णा धरा, अण्णा उतरतंय, अण्णा पाय आत घ्या" एवढंच बोलत असते, ते बोलायची गरजच पडली नव्हती.

रुंदीही आहे. त्या मार्गदर्शकात मोकळी वाट किमान १.८ मीटर सांगितली होती, सहा फूट म्हणा. एवढ्यात समोरून दुसरी खुर्ची किंवा बाळाची ढकलगाडी आली तरी कोणाला खाली उतरावं लागत नाही. इथे बऱ्याच भागात त्याहून ऐसपैस आहे. जुनी झाडं तोडलेली नाहीत, फुटपाथ त्यांच्याभोवती घेतला आहे. त्यामुळे एप्रिलातही दहापर्यंत सावलीतून जाता येतं. मुलांना खेळायला काही काही बसवलंय, शिल्पं ठेवलीत. शिल्पांचं मला फारसं कळत नाही. अण्णांना त्यातलं एकही आवडत नाही, पण प्रत्येकापाशी थांबून नावं ठेवतात. डॉक्टरांना उन्हात थांबणंच हवं होतं, तेवढं होतं.

बसायच्या जागांविषयी मात्र तक्रार आहे. दगडी कट्टे भरपूर, पण बहुतेकांना पाठ नाही आणि हातही नाही. कॉलेजच्या पोरांना ते ठीक आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसाला बसताना पाठ लागते आणि उठताना हाताला रेटा लागतो. नाहीतर तो बसतच नाही, कारण उठता येईल की नाही याची त्याला धास्ती असते. आमच्या समोरच्या आजी याच कारणासाठी अजून घराच्या पायरीवरच बसतात.

आता सायकल. इथे अण्णांना बोलायचा जास्त हक्क आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली पहिली वीस तरी सायकलवर. तेव्हा बिऱ्हाड शनिवार पेठेत. सकाळी नदी ओलांडून शिवाजीनगरकडे सायकलींची रांग लागायची, मध्ये मोटार आली तर तीच बावरायची. सायकलला कराचा बिल्ला असायचा, रात्री दिवा नसेल तर पोलिस पकडायचा, डबलसीट दिसली तर दंड. पुणं सायकलींचं शहर होतं हे आपण सगळे म्हणतो, पण अण्णा त्या शहरात दंड भरलेला माणूस आहे, त्यामुळे त्यांचं ऐकावंसं वाटतं.

तर पट्टी आहे. फुटपाथच्याच अंगाला, वेगळ्या रंगाच्या फरशीची, सायकलचं चित्र काढलेली. डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा मोठा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच दिवसांत भाड्याच्या सायकली आल्या. रंगीबेरंगी, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. माझ्या मुलीने दोन महिने हौसेने चालवल्या. पुढे त्या कुठे नदीकाठी, कुठे कुंपणात सापडायला लागल्या आणि मग दिसेनाशाच झाल्या. पट्टी राहिली.

एक आठवडा मी मुद्दाम बघितलं. पट्टीवरून सायकल चालवणारे दोघेच नेमाने दिसले. एक थर्मास बांधलेला चहावाला, दुसरा शाळेचा मुलगा, तोही आईच्या धाकाने. हेल्मेट घातलेले, महागड्या सायकलींवरचे लोक सरळ डांबरावरून जातात. त्यांना दोष देणार नाही. पट्टी मध्येच झाडापाशी आखडते, चौकापाशी संपते, पुढे कुठे सुरू होते ते शोधावं लागतं. परत तोच जोड! सायकलवाल्याला खरी भीती चौकात असते, आणि नेमका तिथेच त्याचा हात सोडलेला आहे. लांबीभर टीप मारायची आणि मुंढ्याला कच्चा दोरा घालायचा, याला काय म्हणायचं?

मोकळी पट्टी दिसली की ती भरायला माणसं तयारच असतात. जायला फर्ग्युसन, यायला जंगली महाराज, अशी इथे एकेरी वाहतूक. ज्याला दोनशे मीटर मागे जायचंय त्याला पुरा वळसा घालायचा जिवावर येतं. तो सायकलच्या पट्टीवरून उलटा येतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक मुलगा स्कूटरवरून समोर आला आणि मला म्हणाला, "काकू, खुर्ची जरा बाजूला घ्या ना." मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी काठी आडवी केली.

"दिवा आहे का?"

"काय, आजोबा?"

"दिवा. आणि बिल्ला दाखव."

पोरगा इतका गोंधळला की त्याने खरोखरच स्कूटरचा दिवा लावून दाखवला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, उतरला आणि गाडी हाताने ढकलत बाजूने गेला. अण्णा दोन दिवस खुशीत होते.

आता खांबांची हकिकत. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडांशी बुटके खांब रोवलेले असतात. एका ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, दोन खांबांमधली फट टेपने मोजली तर २४ इंच. खुर्ची २५. एका इंचासाठी अण्णांना मुख्य रस्त्यावर उतरवून, वळसा घालून पुन्हा चढवायचं! ज्यांच्याकडे अशी तक्रार करायची असते तिथे केली, फोटो दिला, फोटोत टेपही दिसत होती. उत्तर आलं नाही. सहा आठवड्यांनी पाहते तर एक खांब गायब. तक्रारीमुळे गेला की कोणी भंगारात नेला, देव जाणे. आम्ही दोन फेऱ्या आनंदाने आत गेलो. तिसऱ्या फेरीला तिथून आत एक, दोन, पाच स्कूटरी लागलेल्या.

त्या दिवशी मी एका स्कूटरचं हँडल मोजलं. साधारण साडेसत्तावीस इंच. म्हणजे बघा, माझी खुर्ची २५ आणि त्यांची स्कूटर साडेसत्तावीस. मधल्या अडीच इंचांत कुठला खांब माणूस ओळखणार आहे? आणि हाताने चाक फिरवणाऱ्याला लागतात ३०, म्हणजे त्याला जागा ठेवली की स्कूटरला मिळालीच. आपण लोखंडाकडून जे काम करून घ्यायला बघतोय ते लोखंडाचं नाही. ते दंडाच्या पावतीचं आहे. इतकी वर्षं कापड कापते आहे, जे मापात बसत नाही ते ओढून बसत नाही एवढं मला कळतं.

चौक ओलांडण्याला तीन तारे का, तेही सांगते. एकेरी रस्त्याचा फायदा असा की एकाच बाजूला बघायचं असतं, म्हणजे उलटे येणारे सोडून. तोटा असा की समोरून कोणी येणार नाही हे माहीत असल्याने गाड्या वेग धरतात. सकाळी रस्ता रिकामा असतो तेव्हा जास्तच. वेगाचं गणित मुलीने मला समजावलं. ताशी ३० च्या गाडीपेक्षा ५० च्या गाडीत धडकेचा जोर पावणेतीन पट असतो, कारण वेग दीडपटीच्या थोडा वर गेला तरी जोर त्याच्या वर्गाने वाढतो. म्हणून फुटपाथ रुंद करून डांबर थोडं आखडणं हे नुसतं चालणाऱ्यांचे लाड नाहीत. वाट अरुंद दिसली की गाडीवाल्याचा वेगावरचा पाय आपसूक सैल पडतो. कोपऱ्यांचंही तसंच. कोपरा मोठ्या गोलाईने कापला की गाडी वेग न मोडता वळते, काटकोनाजवळ ठेवला की तिला थांबल्यासारखं व्हावं लागतं. गळ्याचा आकार थोडा बदलला की बाईची मान ताठ दिसते, तसं. हे काम इथे काही कोपऱ्यांवर चांगलं उतरलंय, काहींवर नाही.

सिग्नलचं मात्र मला कोडं आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून हिशेब करतात म्हणे. तो वेग माझा एकटीचा, हातात पिशवी नसताना. ७२ किलोच्या अण्णांना उतारावरून खाली घेऊन, पलीकडे चढवायचं म्हटलं की शेवटचे तीन-चार मीटर आम्ही सिग्नलमधला माणूस लाल झाल्यावर पार करतो. अजून कोणी अंगावर गाडी घातली नाही. उलट रिक्षावाले हात दाखवून मागच्यांना थांबवतात. पण ती त्यांची माणुसकी झाली, सिग्नलची नव्हे.

लक्ष्मी रस्त्याशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही, कारण अस्तराचं कापड आणि काजबटणं आणायला मला तिकडे जावंच लागतं. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करायला लागले आणि त्या रस्त्याचा तुकडा गाड्यांना बंद ठेवायला लागले. अण्णांना मी एकदा नेलं होतं. गरुड गणपतीच्या बाजूने आत शिरलो आणि अण्णांनी विचारलं, "दंगल झाली का?" रस्त्यात माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, बांगड्यांच्या दुकानातला आवाज येत होता, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी बटणं बदलून आणायला मी एकटीच गेले आणि नेहमीसारखी दोन बसच्या मधून पळाले. वर्षातला एक दिवस साडी नेसून मिरवण्यापेक्षा रोजचा धड गाऊन बरा. जंगली महाराज रस्ता तो गाऊन आहे. एकदोन ठिकाणी उसवलेला, पण रोज अंगावर घालता येतो.

पाताळेश्वराला जायची अण्णांची फार इच्छा होती. फुटपाथवरून तिथवर नीट पोचलो. आत आठव्या शतकातली लेणी, खडकात खाली कोरलेली, उतरायला पायऱ्या. बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला मी काय बोलणार? अण्णांनी वरूनच हात जोडले. शेजारी जंगली महाराजांचं मंदिर, तिथे एका गृहस्थांनी न सांगता पुढची बाजू उचलून दिली.

कोणी असंच खुर्ची घेऊन निघणार असेल तर दोन-चार गोष्टी. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ उत्तम. दुकानं उघडली की दुचाक्यांची गर्दी सुरू होते. नदीच्या बाजूचा फुटपाथ धरा. खुर्ची अजून घ्यायची असेल तर पुढची चाकं लहान पाच-सहा इंची न घेता आठ इंची घ्या, लहान चाक फरशीच्या सांध्यात आणि जाळीच्या झाकणात रुततं. बालगंधर्वला सकाळचा प्रयोग असेल तर सुटायच्या वेळी त्या दारासमोर सापडू नका, पाचशे माणसं एकदम फुटपाथवर येतात आणि त्यातली निम्मी अजून नाटकातच असतात. पावसात जाऊ नका. गुळगुळीत फरशीवर माझी चप्पल दोनदा सरकली आहे, आता रबरी तळव्याचे बूट घालते.

येत्या सोमवारी आमची फेरी माझा नवरा नेणार आहे, माझी लग्नसराईची पंधरा ब्लाउजं अडली आहेत. गेलेल्या खांबाच्या जागी परवा पुन्हा एक खांब रोवलाय, फट २६ इंच. त्याला म्हटलंय, हळू घाल, अर्धाच इंच आहे दोन्हीकडे.